कपांचा हिशेब

चर्चमधल्या कपबश्यांचा हिशेब माझ्याकडे.
बावन्न कप, पांढरे, काठाला निळी रेघ,
एकसष्ट साली पाटीच्या खाणीतल्या कामगारांच्या बायकांनी
वर्गणी काढून घेतलेले.
दर महिन्याला मोजतो. हसा खुशाल.
खाण बंद पडली, छप्पर गळतं, ऑर्गनचे तीन सूर गेलेत,
पाळकबाई नेस्ता पाच गावांत मिळून एकच;
निदान कप तरी जागच्या जागी असावेत.

मंगळवारी शाळा सुटली की मुलं येतात.
मुलं म्हणजे, दिवस चांगला असेल तर सात.
मागची दोन बाकं हलवून मेरेरिदनं सतरंजी अंथरलीय
आणि जमाखर्चात माझ्याकडून एक नवी ओळ घुसवलीय :
मुलं आणि घरं. रंग, गोंद, बिस्किटं.
चाळीस पौंड, वर्षाला.
मी म्हणालो, एवढ्यात पन्हळ दुरुस्त झाली असती.
ती म्हणाली, पन्हळीला भूक लागत नाही, इद्वल.

ऑक्टोबरात एक कप कमी भरला.
मग दोन. नाताळाआधी आठ.
मी कपाटं पालथी घातली,
वेदीमागे पाहिलं, मेणबत्त्यांच्या खोक्यात पाहिलं,
देवा क्षमा कर, मुलांच्या दप्तरांकडेही पाहिलं.

मग एका संध्याकाळी, आडव्या पावसात,
खिडकीतून दिसली ती. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी,
हातात बशीनं झाकलेला कप,
फाटकाबाहेरच्या व्हॅनकडे निघालेली.

दिनिओलची व्हॅन. नळाची कामं करतो.
लेकाला, गेथिनला, दारापर्यंत सोडतो
आणि तासभर तिथंच बसून राहतो. दिवे बंद,
काचेवर स्वतःच्याच श्वासाचं धुकं.
गेल्या फेब्रुवारीत आत आला होता तो शेवटचा,
सहाजणांत पुढचा डावीकडचा,
खांद्यावर बायको.

आत का नाही बोलवत, मी विचारलं.
बोलवायला तो काय पाहुणा आहे?
चहा गार होतो, म्हणून नेते.
आणि कप?
येतील.

वहीत लिहिलं : कप आठ, येणे बाकी.

त्या दिवशी गेथिन नोहाचं तारू रंगवत होता.
तारवाला चार चाकं, वर शिडी बांधलेली,
मागच्या दारातून जिराफाची मान.
पुढे एकटाच माणूस.
पाळकबाईंनी विचारलं, बाकीचं घर कुठाय रे?
मागे झोपलंय, तो म्हणाला,
आणि निळ्याची बाटली पार रिकामी केली पुरावर.
दुसऱ्या दिवशी बस पकडून मी निळा आणला.
साडेतीन पौंड. त्याच ओळीत मांडले.

मार्चमध्ये तो आला. मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून.
हातात बादली, बादलीत कप,
एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेला, धुऊन.
कुठं ठेवू, एवढंच बोलला, वेल्शमधून.
मी बोट दाखवलं.
मोरीचा नळ ठिबकत होता, गेली सहा वर्षं ठिबकतोय.
तो ऐकत उभा राहिला थोडा वेळ,
मग वळून बाहेर गेला.
मला वाटलं, गेला.
पाना घेऊन परत आला.

मेरेरिदनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही,
कात्रीनं मेंढ्या कापत बसली. तिचं काळीज मोठं,
आणि सोंगही चांगलं वठवते.

नळ थांबल्यावर इतकं शांत झालं
की सतरंजीवरचं भांडण इथवर ऐकू आलं,
लाल खडू कुणाचा यावरून.
तो दारात जाऊन उभा राहिला.
गेथिन वर न बघताच म्हणाला,
बाबा, बूट काढ. सतरंजी आहे.

त्यानं वाकून नाड्या सोडल्या.
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

मी कप मोजायला घेतले.
एक्कावन्न.
पुन्हा मोजले. एक्कावन्नच.
तेवढ्यात पाहिलं, फाटकापाशी एक लाल मोटार,
ओळखीची नाही, मागच्या सीटवर बाळाची खुर्ची,
वायपर चालू,
आणि मेरेरिद खुंटीवरची पिशवी काढतेय.